गुनवोरचा दगड

प्रिय आस्लाऊगताई,

धाकट्या ओद्रुनचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. डॉक्टरणीने सध्या वाकायला बंदी घातली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? बोटीला रंग देऊन झाला का? सगळं ठीकच असेल असं धरून पुढे लिहिते, कारण मला माझं सांगायची घाई आहे.

माझी गर्भपिशवी काढली हे सिसेलने तुला फोनवर कळवलंच. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरीण म्हणाली, भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, पण चालायचं, रोज चालायचं. आपल्या नॉर्वेत माणूस मेला तरी त्याला आधी मोकळ्या हवेत फिरवून आणतील आणि मगच पुरतील.

पण ताई, मला टाके दुखत नव्हते, मला गुनवोर दुखत होती. माझी विहीण, सिसेलची सासू. लग्नात पाहिलीस ना तू, उंच, वाळवलेल्या कॉड माशासारखी, पाठ ताठ. जन्मभर शाळेत पोरांना कसरत शिकवली, आता निवृत्त झाली तर आम्हाला शिकवते. मी इस्पितळातून घरी आले तर ही दारात माशांच्या सुपाचं पातेलं घेऊन उभी. सूप चांगलं होतं. (तेच तर!) थंडीत समुद्रात डुंबते काय, चालता चालता विणते काय, आणि मेलीच्या साच्यात भाजलेल्या गोड वाफलांच्या कडा कधी करपत नाहीत. मी शाळेत जेमतेम गेले आणि मग मासळीच्या कारखान्यात उभी राहिले ती राहिलेच. हातमोजा विणायला घेतला की त्याला दोन अंगठे येतात. विल्डे माझ्या पोटच्या पोरीची पोर. आईची आई मी, मोरमोर मी. पण तिच्या तोंडी सारखी ती बापाची आई, फारमोर, फारमोर! फारमोरने टोपी विणली. फारमोर झाडावर चढली. अगं, साठी उलटलेल्या बाईने झाडावर कशाला चढायचं?

आता शरदाची सुट्टी येते आहे. दर वर्षी विल्डे माझ्याकडे राहते. यंदा सिसेल म्हणते, "आई, तू आधी बरी हो. विल्डे गुनवोरच्या डोंगरातल्या लाकडी केबिनवर जाईल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, रविवारी विल्डेला गावामागच्या टेकडीवर नेते आणि दाखवतेच. "मग गुनवोरला बरोबर घे ना," सिसेल म्हणाली. म्हटलं, त्यापेक्षा मी परत ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपते.

तर रविवारी निघालो. पाठीवर पिशवी, तीत गरम कोको, संत्री आणि माझ्या वाफला. (कडा करपलेल्या.) ती टेकडी म्हणजे बालवाडीची पोरं पावसात चढतात ती. पण मला कापून शिवलेलं, त्यामुळे मला ती आल्प्स. त्यात दुकानात मान फिरवून जाणारी माणसं टेकडीवर भेटली की कसली हसतात, कशी जुनी ओळख असल्यासारखी हाय हाय करतात! प्रत्येकाला उलटून हाय म्हणताना पोटात कळ यायची. विल्डे पुढे उड्या मारत, मी मागे पोट धरून.

अर्ध्या वाटेवर तिला दगडांची आठवण झाली. तुला ठाऊकच आहे, माथ्यावरच्या दगडांच्या राशीवर आपला दगड ठेवल्याशिवाय पोरं खाली उतरत नाहीत. विल्डेने शोधून शोधून एक धोंडा काढला, पावाच्या लादीएवढा, चपटा. म्हणाली, "ही फारमोर." मग चिमटीत एक पांढरा खडा धरला, वाटाण्याएवढा. "आणि ही मोरमोर."

ताई, ऐकलंस? मी वाटाणा! आणि वर पोरीने तो धोंडा माझ्याच पिशवीत घातला, खडा मात्र स्वतःच्या हातमोज्यात जपून ठेवला. म्हणजे मी कापलेल्या पोटानिशी गुनवोरला पाठीवर घेऊन डोंगर चढायचा! थोडी चालले. मग म्हटलं, विल्डे, पुढच्या वळणावर ट्रोल राक्षस दडलाय का बघून ये. ती पळाली, आणि मी गुनवोरला जुनिपरच्या झुडपामागे टाकून दिलं. धोंडा किटलीपेक्षा जड होता, म्हणजे हा डॉक्टरणीचाच हुकूम. (असं मी तिथल्या तिथे स्वतःला सांगितलं.) पाठ हलकी झाली, मनही.

वर पोचलो, संत्रं सोललं, आणि बाईसाहेबांनी हात पुढे केला. "दे फारमोर." म्हटलं, पडला वाटतं कुठेतरी, खडा ठेव की नुसता. तर पोरीने जे भोकाड पसरलं! हाय हाय करणारे सगळे वळून बघायला लागले. मी वैतागले. "एवढी काय गं ती फारमोर फारमोर? मी नाही का तुझी कोणी?"

ती हुंदके देत म्हणाली, "अगं, फारमोर खाली लागते! तिच्यावर तुला ठेवायचंय. तुझं पोट शिवलंय ना? तू पडलीस म्हणजे?"

मी हातातली संत्र्याची फोड तिच्या तोंडात घातली. एवढ्यात वाटेवरून धापा ऐकू आल्या आणि वर आली कोण? गुनवोर. पोटाशी तोच धोंडा. एक हातमोजा फाटून बोटं बाहेर आलेली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या पिशवीला भोक पडलंय वाटतं."

"तुम्ही इथे कशा?"

"लिंगोनबेरी वेचत होते." (तिच्या डब्यात एक बेरी नव्हती, ताई. बाई खालपासून माझ्या मागे मागे चालत आली होती. आणि तिला पहिल्यांदाच दम लागलेला पाहिला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?)

दगड झुडपामागून उचलला हे ती बोलली नाही, मीही नाही. विल्डेने धोंडा खाली लावला, वर खडा ठेवला. वारा चांगलाच सुटला होता, पण खडा हलला नाही. मग आम्ही तिघींनी माझ्या वाफला खाल्ल्या. गुनवोर म्हणाली, करपलेल्या कडाच मला आवडतात. खोटारडी!

उतरताना माझी पिशवी तिच्या पाठीवर होती. मी दिली नाही, तिने घेतली.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला ऊब दे.

तुझी,
ओद्रुन

ता. क. सुट्टीचं ठरलं. विल्डे केबिनवरच जाणार आहे. मीही जाणार आहे. तिथे एकावर एक पलंग आहेत, त्यातल्या खालच्यावर कोण झोपणार यावरून आमचं आत्तापासून वाजलं आहे. टाके माझे, तर पलंग माझा.

ता. क. २. खरं काम राहिलंच. तुझ्या हातचा हातमोज्यांचा एक जोड पाठव, जाड लोकरीचा. माप विल्डेचं नको, मोठ्या बाईचं, लांब बोटांचं. ती सगळ्यांसाठी विणते आणि स्वतः फाटके घालते. एखादा टाका मुद्दाम चुकव, म्हणजे मीच विणलेत असं वाटेल. आणि नक्षी तिच्यापेक्षा चांगली काढ.

ता. क. ३. पत्र टाकायला तीच चालली आहे, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलं आहे. कोणाला लिहिलंत म्हणून विचारत होती. म्हटलं, बहिणीला, हवापाण्याचं.