खालचं दप्तर

१४ ऑक्टोबर, दुपार

तीर्थरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. दादाचा खोकला उतरला असेल. नसेल, तर सिगारेटचं पाकीट कपाटात गरम कपड्यांच्या मागे असतं, तिथे बघा. मी सांगितलं असं सांगू नका.

'चिमण कधी येतोय?' हा तुमच्या पत्रातला एका ओळीचा प्रश्न. उत्तर देतोच, पण आधी राष्ट्रीय महत्त्वाची एक तक्रार ऐकून घ्या. आमच्या मंत्रालयातला तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळतोय. जगातल्या निम्म्या समुद्रांवर आपल्या देशाची गस्त आहे. कुठे दोन शेजारी हातघाईवर आले की आपली विमानं रातोरात पोचतात. नळाचं वायसर मात्र पोचत नाही. सगळी माणसं दुसऱ्यांची घरं सांभाळायला गेल्यामुळे स्वतःच्या बेसिनपाशी वाकायला कुणी उरलेलं नाही. सध्या नळाला माझा रुमाल बांधलाय. महासत्तेचा भार असा ज्याने त्याने उचलायचा असतो.

माझं ठीक. पूर्वी वर्तमानपत्रात मंत्र्यांची टिंगल लिहायचो, आता त्यांची भाषणं लिहितो. कष्ट तेवढेच, पगार वेळेवर.

तर गेल्या आठवड्यात आमच्या मंत्रीसाहेबांनी एक भाषण लिहायला सांगितलं. त्या परक्या डोंगरातल्या आपल्या चार चौक्या आहेत तशाच ठेवणार, असं. त्यातल्याच एकीवर आपला चिमण दुसऱ्यांच्या भांडणाची राखण करत बसलाय. (सहा फुटी लेफ्टनंटला चिमण म्हणायची हिंमत आपलंच घर करू जाणे.) 'खांद्याला खांदा वगैरे घाल,' साहेब म्हणाले. मी घातलं. बैठकीत वाचून दाखवताना मात्र जीभ अडखळली.

"काय झालं?"

"साहेब, माझ्या वहिनी सातवीला इतिहास शिकवायच्या. त्यांचा एक प्रयोग करून बघू या का?"

"आता सातवीत बसवतोस मला?"

"मीही बसलो होतो. फार वाईट नाही तिथे."

तुम्हाला आठवत असेलच. वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा उभा करायचा आणि ज्याला वाटेल त्याने आपलं दप्तर त्याच्या हातांवर ठेवायचं. पठ्ठ्या फुशारून घेत जायचा. दप्तरं हनुवटीपर्यंत आली की तुम्ही म्हणायचात, "आता पुस्तकाचं पान उलट." मग फळ्याकडे वळून म्हणायचात, "इतिहासात हरलेल्यांपेक्षा दमलेले जास्त."

साहेब उभे राहिले. सेनापतींनी आपली जाडजूड बॅग आधी दिली. तिच्यावर वित्त सचिवबाईंची, मग बाकीच्यांच्या. साहेबांची मान दिसेनाशी झाल्यावर मी त्यांच्यापुढे त्यांचंच भाषण धरलं. "साहेब, पान उलटा."

सगळे हसले. साहेबही हसले. मग हसू ओसरलं आणि ते तसेच उभे राहिले.

"अरे, पण खाली कुठे ठेवू?"

"टाका की," कुणीतरी म्हणालं.

"टाकू नका, माझा चष्मा आहे आत," सचिवबाई घाईने उठल्या.

पुढचा धडा त्यांनी तुमच्याशिवायच शिकला. वरची बॅग ज्याची त्याने येऊन उचलली, मग तिच्याखालची. सेनापतींची शेवटपर्यंत हातावर राहिली, कारण बाकीच्या सगळ्या तिच्यावरच तर टेकल्या होत्या.

भाषण फाडलं गेलं. बर्फ पडायच्या आत तीन चौक्या तिथल्याच लोकांच्या हाती सोपवायच्या, असं ठरलं. चौथी खिंडीतली. बाकी तिघींवरून उतरायचा रस्ता तिच्याखालून जातो. ती सगळ्यांत शेवटी, पुढच्या उन्हाळ्यात.

चिमण खिंडीत आहे, वहिनी.

साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझा पुतण्या ना तिथे? त्याला आधीच्या तुकडीत घालू?" हो म्हणायला तोंड उघडलं होतं. कसंबसं म्हटलं, त्याला विचारतो. लष्करी फोनवर क्षणभर बोलायला मिळालं. तो हसला. "काका, खालचं दप्तर आधी ओढलं तर वरची सगळी कोसळतात. आईच्या पेपरात हे लिहून मी पैकीच्या पैकी मिळवलेत. तिला तूच कळव. मी लिहिलं तर ती आधी शुद्धलेखन तपासेल."

म्हणून मी कळवतोय. या हिवाळ्यात तो येत नाही.

माझ्यावर रागवा, तुमचा हक्कच आहे तो. पण त्या तीन चौक्यांवरची पोरं महिनाभरात घरी जेवायला बसतील आणि त्यांच्या आयांना कधीच कळणार नाही की हे एका शाळेच्या वर्गात शिकवलं गेलं होतं. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. मानले की दादा विचारतो, काय पाहिजे? तरी त्या आयांच्या वतीने मानतो. माझ्याही वतीने. मला लिहायला तुम्ही शिकवलंत आणि कुठे थांबायचं तेही. दुसरं इतकी वर्षं उपयोगी पडलं नव्हतं.

चिमणची तीन पत्रं माझ्याकडे पडून होती. एखादी फर्मास कोटी सुचली की उत्तर लिहू, म्हणून राहून गेलं होतं. आज सकाळी तिन्हींची उत्तरं लिहून टपालात टाकली. कोटी एकाही पत्रात नाही.

उन्हाळ्याकडे डोळे लावून बसलेला,
तुमचा दीर आणि विद्यार्थी