माझ्या फाटकात कुणी धावत येत नाही

ताईला शिगेनोचा कमरेत वाकून नमस्कार.

गुडघा काय म्हणतोय? थंडी पडलीय, शेकत जा. तू पाठवलेला लोणच्याचा मुळा पोचला, छान मुरलाय (मीठ जरा जास्त, पण तुझ्या हाताचं ते कायमचंच). मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मी जळतेय, ताई. समोरच्या किनुयोवर जळतेय.

शाळेच्या वाटेवर पोरांना भीती वाटली तर ज्या घरात बिनधास्त शिरायचं, त्याच्या फाटकाला पिवळी पाटी असते. माझ्या फाटकाला ती आमचे हे होते तेव्हापासून आहे. रोज पुसते. शाळा सुटायच्या वेळी बाजारातही जात नाही. पण आजवर एक पोर आत आलं असेल तर शपथ! आणि किनुयोला पाटी मिळून वर्षही झालं नाही, तर तिच्याकडे रीघ. एकीवर कुत्रा भुंकला म्हणून, एकाची किल्ली हरवली म्हणून, एकाला तर नुसती शू लागली होती! (शू यात धरायची का, असं मी गल्लीच्या सभेत विचारलं. सगळे चहा प्यायला लागले.) पोरांनी तिला चित्रं काढून दिली. ती तिने खिडकीला लावलीत, तोंडं माझ्या घराकडे करून.

मग मीही फाटकाशी स्टूल टाकून बसले. चेहरा हसरा ठेवला (गाल दुखले). पहिलीतला एक पिवळ्या टोपीवाला आला, दप्तर त्याच्याहून मोठं. म्हटलं, "ये रे बाळा, आत ये, रताळं भाजलंय." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दप्तराला लटकवलेल्या भोंग्याची दोरी खसकन ओढली! अनोळखी माणूस खाऊ दाखवून बोलवायला लागला की हेच करायचं, असं शिकवतात म्हणे त्यांना. अख्खी गल्ली बाहेर आली. आणि कार्टं पळालं कुठे? किनुयोच्या घरात! म्हणजे घाबरवलं मी आणि नाव तिचं. वर मला म्हणते, "शिगेनोबाई, मनावर घेऊ नका हं, लहान आहे तो." इतकं गोड बोलली की अंगाचा तिळपापड झाला.

असो. जपून राहा, रात्री पायमोजे घालत जा.

तुझी धाकटी,
शिगेनो

ता. क. खरं काम राहिलंच. सुट्टीत तुझा नातू रेंतारो आला की त्याला दप्तर अडकवून पाठव. किनुयो अंगण झाडत असताना रडत यायचं आणि माझ्या फाटकात शिरायचं, एवढंच. मोठ्याने रडायला सांग, तिला कमी ऐकू येतं.

आणखी एक. पाकीट चिकटवत होते, एवढ्यात खरंच एक पोरगी आत धावत आली. कोपऱ्यापासून कुणी सायकलवाला मागे लागला होता. माझी बाही सोडेना गं. मला काही म्हणजे काही सुचेना. तिला उचललं आणि तशीच अनवाणी धावले, थेट किनुयोच्या घरात! तिने दाराला कडी घातली, पोलिसांना फोन केला, दोघींच्या हातात गरम चहा दिला. पोरगी सुखरूप आहे, आई येऊन घेऊन गेली. पोलिसाने विचारलं, मुलगी कुणाच्या घरात आली होती? किनुयोने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, "यांच्या. यांनीच वाचवलं."

आता हिचा चांगुलपणाही मीच सोसायचा का, ताई?