दोन्ही बाजूंना पाय टाकून

आई,

गेल्या रविवारी मी मोटारसायकलींच्या रॅलीला गेलो होतो. हे ऐकून तू आधी विचारलं असतंस, "कुठल्या पक्षाची?" पक्षाची नव्हे गं. माणसं आपापल्या गाड्या घेऊन जमतात, ठरलेल्या रस्त्याने एकामागून एक जातात, कुठेतरी चहा पितात, कुठेतरी जेवतात आणि घरी येतात. एवढंच. कशासाठी, असं विचारशील तर रविवार उजाडेपर्यंत ते मलाही सांगता आलं नसतं. माणिकपूरला मी जिथे गाडीचं ऑइल बदलतो, त्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता. खाली लिहिलं होतं, गाडी कुठलीही चालेल. तीन आठवडे मी तो कागद येता-जाता वाचला. मला तू ओळखतेसच. चार माणसं बघतायत म्हटलं की मी कोपरा शोधतो. लग्नात अक्षतासुद्धा मी खांबाआडून टाकतो. आता चाळिशी आली, पोट सुटलं, केस मागे सरकले, आणि गाडी म्हणशील तर तीच, शंभर सीसीची, जिच्या टाकीवर तू हळदकुंकवाची पाच बोटं उठवली होतीस. अशा अवतारात मी बुलेटवाल्यांच्या घोळक्यात जाऊन काय करणार होतो? शेवटी तुझ्या सुनेने शनिवारी सांगून टाकलं, "जायचं तर जा, नाहीतर उद्या सगळे पंखे पुसायचे आहेत." तुमची गाठ पडली नाही, पण दोघींची जीभ एकाच दुकानातली आहे.

म्हणून गेलो. थंडीचे दिवस, सकाळचे सात, मैदानावर चाळीसेक गाड्या. मी मुद्दाम कडेला, झाडाखाली, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी गाडी लावली आणि हेल्मेट काढायचं की ठेवायचं ते ठरवत उभा राहिलो. तेवढ्यात एक दाढीवाला डॉक्टर थेट माझ्याकडे आला, गाडीभोवती फिरला, गुडघ्यावर बसून खालून इंजिन बघितलं आणि ओरडला, "अरे इकडे या, टाकी ओरिजिनल आहे!" झालं. दहा-बारा जण जमले. कोणी क्लच दाबून बघतोय, कोणी किलोमीटर वाचतोय. एकाने विचारलं, "काका, ही गाडी तुम्ही सांभाळलीत की हिने तुम्हाला?" मी म्हटलं, "पाळीपाळीने." सगळे हसले, आणि आई, मला अजिबात लाज वाटली नाही. पंधरा वर्षं मी ही गाडी रोज चालवतोय, पण तिच्याबद्दल कोणाशी बोललोच नव्हतो. तिथे बोलत सुटलो. पावसात प्लग ओला झाला की काय करायचं, चढावर ती कशी कुरकुरते, सगळं. ऐकणारे मन लावून ऐकत होते, आणि मग आपल्या गाडीचं सांगत होते. कोण कुठे कामाला आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कोणाचा सायलेन्सर कुठे फुटला ते मात्र पाठ झालं.

त्या गर्दीत मला सारखी तुझी फोमची सीट आठवत होती. गाडी नवी होती तेव्हाचं म्हणतोय. तू स्टेशनच्या पूर्वेकडच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात बटणांच्या पाकिटांचं पॅकिंग करायचीस, आणि कामावर जाताना मी तुला रोज गेटपर्यंत सोडायचो. टाकून दिलेल्या फोमच्या पट्ट्या तू सुपरवायझरला विचारून घरी आणल्यास आणि जुन्या पडद्याच्या कापडात शिवून मला कव्हर करून दिलंस. शिवलंस ते पुढच्या अर्ध्या सीटला. मी म्हटलं, "तुझ्या अर्ध्याला?" तर म्हणालीस, "माझं काय, दहा मिनिटांचं काम." त्या कडक अर्ध्या सीटवर तू एका बाजूला पाय सोडून बसायचीस, डबा मांडीवर, आणि बसून झालं की माझ्या खांद्यावर दोन थापा. दोन थापा म्हणजे चल. एक म्हणजे थांब. तोंडाने काही सांगायचं नाही, कारण वाऱ्यात ओरडणं तुला बाईमाणसाला शोभेसं वाटायचं नाही. एकदा तुझ्या गेटवरच्या मैत्रिणींसमोर मी उगाच रेस केली, तर सगळ्यांदेखत म्हणालीस, "गाडी चालवतोस की दाखवतोस?" दोन दिवस मी तुझ्याशी धड बोललो नव्हतो.

आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तू बटाटे चिरत होतीस. मी ओट्याला टेकून चहा पीत होतो. तू मान वर न करता म्हणालीस, "कारखान्याच्या रस्त्याची मला डावी बाजूच ठाऊक आहे. वखार, पिठाची गिरणी, भिंत, गेट. उजवीकडे काय आहे रे?" येताना तू शेअर रिक्षात दोघींच्या मध्ये दबून यायचीस, तेव्हा बाहेरचं काही दिसायचं नाही. मी म्हटलं, "काय असणार? तेच." उजवीकडे तळं होतं, आई. तळ्यात पांढरी कमळं होती. मला सांगायचं सुचलं नाही.

तर रॅली. सगळ्यात पुढे बुलेटवर आमचा म्होरक्या, भुईगावचा, साठीला टेकलेला, मिशा अशा की आधी मिशा दिसतात आणि मग माणूस. आणि त्याच्या मागे त्याची आई! पंच्याहत्तरीची असेल. तांबडं लुगडं, कासोटा घातलेला, गळ्यात क्रूस, हेल्मेटखाली कानातलं सोनं चमकतंय, आणि बाई चक्क दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली. मी बघतच राहिलो. दरवर्षी ती रॅलीला असते म्हणे. जेवण तिच्या घरी, भांड्यांच्या कपाटाची चावी तिच्या कमरेला, त्यामुळे तिला कोणी नाही म्हणत नाही. अर्नाळ्याला चहा पिताना ती बशी फुंकत सगळ्यांना सांगत होती, "मी पाचूबंदरची. बापाच्या होडीत बसलेली बाई मी. हे तुमचं फटफट काय घेऊन बसलाव!"

परतताना वटारला बुलेटची क्लच वायर तुटली. सकाळी मैदानावर याच माणसाने आम्हाला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं होतं, जादा वायर जवळ ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नका म्हणून. स्वतःची त्याने कोणालातरी देऊन टाकलेली. सगळ्यांनी त्याला इतकं चिडवलं की बिचारा मिशा कुरवाळत नुसता उभा राहिला. त्याची आई मात्र उतरून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू बस वायर लावत. माजी चावी इथं आनि सुना तिथं भांड्यांवाचून. मी जाते कोनाच्या तरी मागं." दहा बुलेटवाले पुढे झाले. तिने एकेक गाडी निरखली आणि बोट दाखवलं माझ्याकडे. "ही लहान बरी. हिच्यावर पाय पोचतात."

जागा कुठली, सांगू? वटारची तीच गल्ली, दोन वाड्यांच्या मधली, पलीकडे विहीर. तुला आठवत असेल. तुझ्या कारखान्यातल्या मैत्रिणीने केळी न्यायला बोलावलं होतं. मे महिन्यातला रविवार. निघताना तू गाडीवर चढलीस तेव्हा साडीच्या काठाखाली मला निळी सलवार दिसली, मामेबहीण विसरून गेलेली. मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालीस, "सकाळी जरा थंडी वाजत होती." मी किक मारली. परत येताना याच गल्लीत खांद्यावर एक थाप पडली. मी थांबलो. तू उतरलीस, केळ्यांची पिशवी कुंपणाशी ठेवलीस, आणि पदर नीट करत म्हणालीस, "एकदा मला तुझ्यासारखं बसू दे ना. दोन्हीकडे पाय टाकून. या वळणापासून त्या विहिरीपर्यंत." मी म्हटलं, "काहीतरीच काय, आई! कोणी बघितलं तर?" तू गल्लीत मागे बघितलंस, पुढे बघितलंस. दुपारचे दोन. एक म्हैस होती, तीही डोळे मिटून. "बरं," म्हणालीस, आणि पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा एका बाजूला बसलीस. त्या दिवशी दोन थापा पडल्या नाहीत. मी तसाच निघालो. घरी तू चहा केलास, केळी शेजारी वाटलीस, रागावली नाहीस. पुढे दोन वर्षं रोज त्याच एका बाजूला बसून कामावर गेलीस, मग आजारी पडलीस, आणि मग मागची सीट रिकामी झाली. तुझी सून पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते. मी तिला एका शब्दाने कधी बोललो नाही, आणि प्रत्येक वेळी मला ही गल्ली आठवते.

म्हातारी माझ्या खांद्याला धरून सराईतपणे चढली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आजी, लुगड्यात त्रास नाही होत?"

"तरास कसला? कासोटा हाय," ती म्हणाली. "आनि आत पोराची जुनी हाफ पँट हाय. बाईमान्साला घरातनंच ठरवून निघावं लागतं बाबा. वाटेत आटवून काय उपयोग?"

माझा क्लच सुटला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, गिअर पहिला!" म्हातारीने विचारलं, "काय झालं रं?" मी म्हटलं, "काही नाही." डोळ्यांत पाणी आलं होतं, हेल्मेटची काच खाली होती म्हणून वाचलो. सकाळपासून साडीच्या आत घालून निघाली होतीस तू. केळी हे निमित्त होतं. मैत्रिणीकडे गप्पा मारतानाही तुझ्या डोक्यात ही गल्ली असणार, हे वळण, ती विहीर. एवढं ठरवून मागितलेलं मी एका म्हशीच्या भीतीने नाकारलं.

मी पुन्हा किक मारली आणि, आई, इतकी सावकाश गाडी मी जन्मात चालवली नाही. मागच्यांनी दोन-तीनदा हॉर्न वाजवले, मग तेही गप्प झाले. म्हातारी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून प्रदक्षिणेला निघाल्यासारखी बोलत होती. "ह्या अंगाला माज्या नंदेची वाडी. त्या अंगाला तळं, पानी बग कसं हिरवं. ह्या अंगाला बग, सोनचाफा लावलाय. अरे त्या अंगाला बग की!" मीही बघत होतो, एकदा इकडे, एकदा तिकडे. विहीर आली, गेली. मी थांबलो नाही. भुईगावपर्यंत दोन्ही बाजू बघत गेलो. वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की घर येऊ नये असं वाटत होतं.

भुईगावला तिच्या अंगणात चाळीस माणसं जेवली. तेलात तळलेले मैद्याचे फुगे आणि कोंबडीचं कालवण, आणि माझ्यासारख्या मागे-मागे राहणाऱ्यांना म्हातारी स्वतः हाताला धरून पुढे बसवत होती. मिशीवाला तासाभराने वायर लावून आला, तोपर्यंत तिचं सगळ्यांना सांगून झालं होतं की पुढच्या वर्षीपासून ती माझ्याच मागे बसणार, बुलेटवर कंबर जाते. डॉक्टरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि यादीत माझं नाव आपल्या हाताने लिहिलं. सगळे बघत होते. बघू देत म्हटलं.

घरी आलो तेव्हा तुझ्या सुनेने विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान. पुढच्या खेपेला तू पण चल." ती म्हणाली, "बघू, पंखे राहिलेत." मग मी हे लिहायला बसलो. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, पाठवायचं नाहीच. गाडीच्या डाव्या पॅनेलच्या आत, कागदपत्रं आणि पान्यांबरोबर घडी करून ठेवीन. तुझ्या बाजूला.

एकच गोष्ट वर खोटी लिहिली आहे. तुझी निळी सलवार मला रविवारी म्हातारीच्या बोलण्याने उमगली, असं लिहिलं, ते खरं नाही. तू थंडी वाजते म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. म्हणूनच मी दुसरं काही न विचारता किक मारली.