ओढ्यापाशी टांगलेलं यंत्र

४ मार्च

चि. बाब्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तळ्यात टांगलेल्या माझ्या प्राणवायू मोजायच्या यंत्राला तू पोटच्या पोरांपेक्षा जास्त वेळा आंघोळ घालतोस, ही तुझ्या बायकोची तक्रार वाचून पोट धरून हसले. तिला सांग, दर रविवारी त्यावरचं शेवाळ घासायला मला दुसरं कोण मिळणार? प्रयोगशाळेतून तिथवर यायला सवड होत नाही, आणि सायकली दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावाइतके जपणारे हात पगार देऊनही मिळाले नसते.

आता आनंदाची बातमी. पाण्यातला प्राणवायू सगळा हिवाळाभर उत्तम होता. इतकी वर्षं मेलेल्या माशांवर लिहीत आले. या वेळी तळं सावरलं असं लिहिलं, आणि लेख छापूनही आला. पाण्यात हवा सोडणारे पंप आता दुसरीकडे न्यायला हरकत नाही, अशी शिफारस मी मत्स्यखात्याकडे केली आहे.

घरात सर्वांना आशीर्वाद. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

९ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मासे मेल्याचं तुला खात्याकडून कळलंच असेल. पंप नेले आणि उन्हाळा तापला, बस. सगळा काठ पांढरा झालाय. मासेवाल्या काकू जाळं घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. तुझी बहीण तर तळं बरं झालं म्हणत होती ना, असं त्यांनी विचारलं. मी खाली बसून मासे गोळा करायला लागलो.

ताई, आता लिहितो ते वाचून मला हवं ते बोल. हिवाळ्याच्या सुरुवातीला यंत्रावर इतकं शेवाळ चढायचं, की घाणीमुळे आकड्यांचा भरवसा वाटत नाही असं तू वैतागून लिहिलं होतंस. तुझा त्रास वाचावा म्हणून मी ते तळ्याच्या शेवाळलेल्या कोपऱ्यातून काढून, ओढा तळ्यात पडतो तिथे दगडांपाशी टांगलं. तिथलं पाणी खळखळतं आणि स्वच्छ. सांगायचं राहून गेलं, असं खोटं लिहीत नाही. तू इतकी खूश झालीस की सांगायची छातीच झाली नाही. आता मेलेले मासे टोपल्यांत भरताना मान वर करवत नाही.

तुझा अपराधी,
बाब्या

१७ मे

चि. बाब्यास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्या नावाने बोटं मोडली. मग जुने आकडे काढून बसले आणि राग कुठल्या कुठे गेला. उरलं ते रागापेक्षा वाईट आहे. शेवाळलेल्या तळ्यात पहाटे प्राणवायू उतरतो आणि ऊन वर आलं की चढतो, हे मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. ओढ्याच्या खळखळत्या पाण्यात हवा मिसळतच राहते, म्हणून तुझे आकडे पहाटेही जागचे हलत नव्हते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी ते तेव्हाच दाखवलं, एकदा जाऊन बघू या म्हणाल्या. मी त्यांना चारचौघांत म्हटलं, “चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?”

मला ते हवं होतं, बाब्या. निवृत्त होण्याआधी एक तरी तळं वाचलेलं बघायचं होतं. त्या बाईंची माफी मागितली, पण माशांची कशी मागू?

लेख मागे घेतला आहे. यंत्राची जागा मी तपासली नाही, एवढंच कारण दिलंय. तुझा उल्लेख नाही. तूही कुठे तोंड उघडू नकोस. जेवणखाण वेळेवर कर.

ताई

२९ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लहानपणी मी फोडलेल्या कपबश्या तू स्वतःच्या अंगावर घ्यायचीस आणि मी खुशाल जेवायला बसायचो. या वेळी घास उतरेना. खात्याच्या कचेरीत जाऊन सगळं सांगून आलो. साहेबांनी चांगलं फैलावर घेतलं. पंप परत आणतायत. मग काकूंना सांगितलं. त्या पाठ फिरवून घरात गेल्या. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंत्र पुन्हा जुन्या कोपऱ्यात टांगलंय. घासतो आणि तिथेच सोडतो. आकडे बघून तुला रडू येईल.

काकू अजून रोज जाळं घेऊन त्या कोपऱ्यावर येतात, पाण्याकडे बघतात आणि जाळं न उलगडता घरी जातात. त्यांच्याशेजारी मला एकट्याला उभं राहवत नाही. ताई, एकदा ये. आकड्यांसाठी नको.

लोभ ठेवण्याजोगा उरलो असेन, तर ठेव.

तुझा बाब्या