तुमच्या स्कूटरचं मागचं चाक

बाबा, तुमच्या स्कूटरचं मागचं चाक मी शेवटी बदललं. रागावू नका. चाकाच्या मधल्या हबचे आतले दाते पार झिजले होते. ब्रेक दाबला की चाक आधी कटकट करत मागेपुढे हलायचं, मग कुठे गाडी थांबायची. तुमचा इलाज मला ठाऊक आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दात्यांत कोंबायचा, पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहून नट आवळायचा, आणि वर म्हणायचं, "आता बिनधास्त घाट उतरा!" धन्य आहात. परवा हब खोलला तर आतून पत्र्यावर पत्रा निघाला. मिस्त्री पोट धरून हसला.

आता लांब दात्यांचा दणकट हब बसवलाय, चाकं ट्यूबलेस केलीत. हा सगळा खटाटोप आईसाठी. तिला मागे बसवून रोहिणखेडला माहेरी न्यायचं होतं. त्या वाटेवर राजूर घाट उतरला की तुमचं पंक्चर ठरलेलं. मग रंगाला ओरखडा नको म्हणून तुम्ही स्कूटर आडवी निजवायचात ती तिच्या शालीवर! त्यावरून तिनं तुम्हाला काय काय ऐकवलंय. म्हटलं, आता खूश होईल. तर ती नव्या चाकाकडे पाहून म्हणते, "मी नाही बसत याच्यावर."

"काऊन वं माय?"

"आता हे पंक्चर नाही होणार नं?"

"नाही. काटा रुतला तरी चालत राहते."

"मंग काय कामाची बाप्पा!"

मी चिडलो. जिच्यासाठी केलं तीच बसेना. आठवडाभर विनवण्या केल्या, ती बधेना. शेवटी रविवारी मामाकडे भरिताचं जेवण होतं आणि तिची बस चुकली, तेव्हा कुठे तोंड फुगवून मागे बसली. घाट काय सुरेख उतरलो, बाबा! चाक जरासुद्धा हललं नाही. घाट संपल्यावर तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब इथी."

लिंबाखालच्या दगडावर ती बसली. मीही शेजारी टेकलो.

"घरात तवा तुही आजी, काका, आत्या, सारा गोतावळा. तुह्या बाबासंग दोन शब्द बोलाले जागा नव्हती. पंक्चर झालं का मंग आमचं बोलणं व्हाये, इथी. तू पोटात हायेस हे बी मी त्याइले इथंच सांगतलं." मग पदरात तोंड लपवून हसायलाच लागली. "लय खेपा तं चाकात हवा राहे. तरी 'पंक्चर झालं' म्हणत, अन् तेच चाक काढून तेच परत बसवत. त्याइले वाटे, मले समजत नाही."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काऊन बोलू? बोलली असती तं थांबले असते का?" आणि तुम्ही अजून असल्यासारखं, एकदम माझा हात धरून म्हणाली, "त्याइले नको सांगजो हां."

मी "हाव" म्हणालो. बाबा, तुमची इतकी आठवण आली की उठवेना. मग नव्या चाकांची स्कूटर उभी ठेवून आम्ही तिथेच गप्पा मारत बसलो. मामाचे फोनवर फोन येत होते.

तिला शब्द दिलाय, म्हणून हे पत्र पाठवत नाही. पण एवढी गोष्ट तुमच्यापासून लपवणं मला काही जमलं नाही.