दुसऱ्या वाचकाची तीन पानं

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुला ‘तू’ लिहावं की ‘तुम्ही’, यावर दोन कागद वाया गेले. तू आता विभागप्रमुख झालीस असं कानावर आलं. पण वसतिगृहात माझ्याच उशीवर तेलकट डोकं ठेवून झोपणाऱ्या बाईला ‘तुम्ही’ म्हणायला माझा हात वळेना. आणि सगळ्या प्रयोगशाळेच्या वह्या लाल शाईने तपासत हिंडायचीस म्हणून पडलेलं नावही अजून तोंडात आहे, तेव्हा तेच लिहिलं.

आम्ही सगळे ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण ह्यांच्यापेक्षा कमीच. लेक नोकरीला लागली. दर रविवारी फोन करून मी काय खावं हे ती मला शिकवते. आई थकली आहे, जीभ मात्र शाबूत आहे. परवा एकदम म्हणाली, तुझी ती मैत्रीण कुठे असते गं हल्ली? मी म्हटलं, असेल कुठेतरी. तुझं बरं चाललं असेलच.

आता इतक्या वर्षांनी हे पत्र का, ते सांगते. आमच्या विद्यापीठाला संशोधनाचं प्रेम एकाएकी उतू चाललं आहे. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला तरी नव्या दिव्यासाठी चार टेबलं फिरावी लागायची. आता तळमजल्यावर जुन्या सामानाची खोली रिकामी करून, रंगवून तिथे ‘संशोधन साहाय्य कक्ष’ थाटलाय. त्याच्या प्रमुख एक बाई आहेत. त्या एकेका प्राध्यापकाच्या दारात जातात आणि हसून विचारतात, “तुम्हाला नेमकं काय हवंय? आम्ही काय करू शकतो?” असं मला आजवर फक्त शिंप्याने विचारलंय. आमच्या विभागात त्यांना सगळे साखरबाई म्हणतात. नाव मी पाडलेलं नाही, पसरवलं मात्र आहे.

योजना अशी की प्रत्येकाने आपल्या संशोधनाचा प्रस्ताव द्यायचा. तो बाहेरच्या दोन जाणकारांकडे वाचायला जातो. त्यांची नावं आपल्याला कधीच कळत नाहीत. प्रस्ताव मंजूर झाला तर दोन वर्षं शिकवण्याचे तास निम्मे, स्वतंत्र खोली आणि हाताखाली एक मदतनीस. मी आधी नाहीच म्हटलं होतं. इतकं गोड बोलणारं माणूस दिसलं की मी पर्स घट्ट धरते. मागितल्याशिवाय कोणी काही देतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. हे म्हणाले, “देताहेत तर घे की. संशय घ्यायला निवृत्तीनंतर भरपूर वेळ आहे.” निवृत्तीचा शब्द मात्र लागला. शेवटची काही वर्षं उरलेल्यांना ही योजना मिळत नाही. यंदा गेली की माझ्या हातून ती गेलीच.

म्हणून प्रस्ताव लिहिला. विषय तू ओळखलाच असशील. गोगलगायी. भिंतीवर एक गोगलगाय दुसरीच्या चिकट रेघेवरून चालत जाते, तेव्हा पहिली कुठल्या दिशेने गेली हे तिला कसं कळतं? आपण अर्धा सोडलेला प्रश्न. सोडला कोणी, या वादात आज पडत नाही.

पहिल्या वाचकाने चार ओळींत कौतुक करून सुटका करून घेतली. दुसऱ्याने तीन पानं लिहिली. नमुना फार लहान आहे. भिंतीची ओल मोजणार कशी? सिमेंटच्या भिंतीवर रेघ किती टिकते, हे आधी पाहिलं का? आणि शेवटी एक ओळ: सुट्ट्यांमध्ये गोगलगायींकडे कोण पाहणार?

ती ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. तुझ्या भावाच्या लग्नाला आपण दोघी गेलो होतो आणि प्रयोगशाळेतल्या मामांना सांगून ठेवायचं काम तुझं असं मला वाटलं, माझं असं तुला. परत आलो तेव्हा सगळ्या पेट्या कोरड्या ठणठणीत आणि एकही गोगलगाय जिवंत नव्हती. मार्गदर्शकांना आपण दोघींनी काहीतरी रोगाचं कारण सांगितलं. खरं कारण दोनच माणसांना माहीत आहे.

मी काही म्हणत नाही. सहज विचारते, हल्ली काय वाचतेस?

कळावे. लोभ असावा, निदान होता तेवढा.

तुझी एकेकाळची खोलीतली सोबतीण


दि. २६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं उत्तर आलं नाही. न येण्यालाही अर्थ असतो. चोराच्या मनात चांदणं, असं उगीच म्हणत नाहीत.

ती तीन पानं मी इतक्यांदा वाचलीत की आता पाठ आहेत. छापील असल्यामुळे अक्षरावरून ओळखायची सोय नाही. पण “घाईने निष्कर्ष काढू नये” हे कोणाचं वाक्य आहे? माझ्या वहीच्या समासात तू ते किती वेळा लिहिलं असशील. ह्यांना वाचायला दिलं. ह्यांनी चष्मा पुसून शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाले, प्रश्न तर बरोबर आहेत. त्या रात्री मी ह्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, आई, जगात शंका काढणारी बाई एकटी मावशीच आहे का? तिने तुझा चेहराही पाहिलेला नाही, पण मावशी म्हणायचं सोडत नाही.

आता स्पष्टच लिहिते. तो लेख. कल्पना माझी, काम दोघींचं, आणि छापून आला तेव्हा तुझं नाव आधी, माझं नंतर. मला न विचारता. मी विचारलं तर तू केस विंचरत म्हणालीस, लिहून मी काढला ना. बस, एवढंच. मी त्याच आठवड्यात खोली बदलली आणि तुझ्या लग्नाला आले नाही. त्या लेखावर तुला नोकरी मिळाली. मला मिळाले रोजचे तास, तपासायचे पेपर आणि परीक्षेच्या वेळी वर्गाबाहेर पहारा. तुझ्याबद्दल सगळे म्हणायचे, किती गरीब मुलगी. गोगलगाय आणि पोटात पाय, हे निदान आपल्या विषयातल्या माणसांना तरी कळायला हवं होतं.

आणि आता तोच प्रश्न मी पुन्हा हातात घेतला, तर तू तीन पानं लिहून वाटेत उभी. मोठी झालीस ना? मग माझ्या एवढ्याशा खोलीने तुझं काय अडतंय?

उद्या मी साखरबाईंकडे तक्रार घेऊन जाणार आहे. दुसऱ्या वाचकाचं मत रद्द करा आणि यापुढे विद्यापीठाचं काहीही तुझ्याकडे वाचायला पाठवू नका, असं सांगणार आहे. याने तुझ्या नावाला बट्टा लागेल, हे मला कळतं. पाठीमागून काही करायचा माझा स्वभाव नाही, म्हणून आधी कळवलं.

तुझी कोणीही नाही


दि. २ मार्च

प्रिय मास्तरीणबाई,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडू नकोस. हे वाचून झाल्यावर दोन्ही एकदमच काय ते कर.

मी गेले होते. तक्रार घडी करून पर्समध्ये होती. साखरबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, नेहमीसारखं हसल्या. मी तुझं नाव घेतलं आणि भराभरा सगळं सांगितलं. सुट्टीची ओळ, मेलेल्या गोगलगायी, लेख, नावांचा क्रम, सगळं. हसू हळूहळू गेलं. त्या उठल्या आणि दार लावून आल्या.

“दुसरे वाचक कोण, ते मी सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “कोण नाहीत, ते मात्र तुमच्यासाठी सांगते. ह्या बाई नाहीत. आम्ही विचारलं त्याच दिवशी त्यांनी नकार दिला.”

मी म्हटलं, वेळ नसेल. मोठी माणसं.

“वेळ होता. फोनवर म्हणाल्या, ती माझी जवळची आहे. मी वाचायला घेतलं तर पहिल्या ओळीपासून हो म्हणत जाईन, माझ्याकडे नका देऊ.”

माझा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, आम्ही बोलत नाही हो. लेकीच्या जन्माआधीपासून आमचं वैर आहे. त्यावर त्या म्हणाल्या, आमच्या नियमात वैरी आणि जवळचा एकाच रकान्यात येतात, दोघांनाही वाचायला देत नाहीत. आणि सुट्टीचा प्रश्न म्हणे प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाला येतो. मासे ठेवणाऱ्या सरांनाही आला होता, त्यांनी फक्त उत्तर लिहून दिलं.

तरी माझा पीळ जाईना. वाटलं, ही बाई तुला झाकतेय. गोड बोलणाऱ्यांचं काय सांगावं. म्हणून मी शेवटचा खडा टाकला. विचारलं, इतक्या लांबच्या बाईचं नाव तुमच्यापर्यंत आलंच कसं? कोणी सुचवलं?

त्यांनी माझी फाइल उघडून शेवटचं पान पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “मॅडम, तुम्हीच.”

ही गोष्ट मी तुला दोन्ही पत्रांत लिहिली नाही. ह्यांनाही सांगितली नव्हती. प्रस्तावाबरोबर योग्य वाचकांची नावं आपण सुचवायची असतात, कितीही. मी एकच दिलं. तेव्हा स्वतःची समजूत घातली की गोगलगायींच्या रेघांतलं कळणारं दुसरं आहे कोण. खोटं आहे ते, चिक्कार आहेत. मला तू वाचायला हवी होतीस. मी तो प्रश्न टाकून दिलेला नाही, तास आणि पेपर यांच्या रगाड्यात इतकी वर्षं जपून ठेवलाय, हे तुला दिसायला हवं होतं.

आणि ती तीन पानं आली तेव्हा मला राग आला, हे खरं. पण रागाच्या आधी, अगदी क्षणभर, फार बरं वाटलं होतं. वाटलं, बोलली एकदाची माझ्याशी. चांगली तीन पानं बोलली. म्हणूनच मी तुला सोडायला तयार नव्हते. दुसरा वाचक तू नाहीस हे ऐकून माझी सुटका व्हायला हवी होती. मी तिथे बसून रडले. साखरबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. तेवढ्यापुरतं त्यांच्याबद्दलचं माझं मत मी बदललं आहे.

तक्रार पर्समधून बाहेर काढलीच नाही, तशीच घरी आणली. तुझं नाव स्वच्छ आहे. दुसऱ्या वाचकाला उत्तरं लिहिली. कोण आहे देव जाणे, पण भिंतीच्या ओलीबद्दल तो बरोबर आहे, आणि मी ते लिहूनही टाकलं. निकाल महिनाअखेर लागेल. नाही मंजूर झालं तर जूनपासून पुन्हा तेच तास, तीच पहाऱ्याची खुर्ची आणि मग निरोपाचा हार. मंजूर व्हावं असं फार वाटतं. हे मी कोणापाशी बोलले नव्हते.

गैरसमज नको. नावांच्या क्रमाबद्दल माझं मत आजही तेच आहे. तू विचारायला हवं होतंस. तुझ्या दारात येऊन मी तेच सांगेन, चहा घेऊन झाल्यावर. आई म्हणते, मग जा की. हे म्हणतात, अशी दोन पत्रं गेल्यावर ती दार उघडेल का, ते आधी बघ.

साखरबाईंना मी निघताना एक विचारून घेतलं. तुला वाचक म्हणून माझा प्रस्ताव देता येत नाही, तर मी माझ्या हाताने टपालाने पाठवला तर चालतो का? त्या म्हणाल्या, मैत्रिणीला काय पाठवावं याचा नियम आमच्याकडे नाही.

सोबत प्रत आहे. पहिल्या ओळीपासून हो म्हणत जाऊ नकोस. पण वाच.

तुझी,
तू फोनवर अनोळखी बाईला सांगितलंस तशी,
जवळची