फादर अंगद शेलार यांच्याविरुद्धचे पत्र

६ एप्रिल २०२५, रविवार

मी, सहादू यशवंत मकासरे, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी पास (वर्गात पहिला), व्यवसाय गवंडीकाम, आता निवृत्त, आमच्या मिशनच्या देवळात सेहेचाळीस वर्षे बायबलचा वाचक, पूर्ण शुद्धीवर असताना पुढीलप्रमाणे नोंदवितो.

आज मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर अंगद यांनी व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचे शुभवर्तमान सांगितले. ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा, असे येशू म्हणतो आणि दगड घेऊन आलेले लोक एकेक करून निघून जातात, ती हकीकत. पुस्तकाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. नजर सारखी माझ्या बाकावर. रोख कोणावर होता, हे मला कळले.

माझी मुलगी जयमाला हिने एकोणीस वर्षांपूर्वी महेंद्र नावाच्या बौद्ध मुलाशी कोर्टात लग्न केले. धर्माबाहेर लग्न करणाऱ्याचे नाव रविवारी देवळात वाचून दाखविण्याची तेव्हा आमच्याकडे रीत होती. वाचक मी. नाव मीच वाचले. आवाज कापला नाही. त्यानंतर ती आली नाही आणि मी बोलावले नाही.

८ एप्रिल, मंगळवार

फादर आजही कापडी पिशवी घेऊन घोडेगावच्या एसटीत बसले. दर मंगळवारी जातात. त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाईस विचारले.

"मला काय म्हाईत, दादा. पिशवीत कागदं असत्यात."

"जातात कुठे?"

"नागापूरला म्हनं. तुमाला यवढं लागलंय तर जा की मागनं."

नागापुरात जयमाला राहते. फादरांचे तेथे काय काम?

१० एप्रिल, गुरुवार

फादरांच्या बायबल वर्गास गेलो. शिकण्यास नव्हे, ऐकण्यास.

हा मनुष्य याच गावचा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, पाठविण्यासाठी मिशनच्या जुन्या फादरांनी आधी माझी निवड केली होती. त्याच वर्षी वडील परांचीवरून पडले, हात मोडला, आणि मी त्यांची थापी धरली. पुढे अंगद गेला. रोमला सहा वर्षे, यरुशलेमला दोन. एकतीस वर्षे पुण्यात, फादर होऊ घातलेल्या मुलांना हिब्रू आणि ग्रीक शिकविले. आता येथे बसून योहानाच्या शुभवर्तमानावर मराठीत ग्रंथ लिहीत आहेत. चौदा वर्षे झाली म्हणतात.

आज ते म्हणाले, "रविवारच्या त्या बाईची गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. ती नंतर घातलेली आहे."

सर्वांसमक्ष म्हणाले. मी तेथेच लिहून घेतले.

११ एप्रिल, शुक्रवार

बिशपसाहेबांस पत्र पाठविले. फादर अंगद शेलार शुभवर्तमानातील गोष्ट खोटी ठरवितात. साक्षीदार मी. सही केली, पूर्ण नावानिशी. निनावी पत्रे भित्रे लोक लिहितात.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

येशूच्या दुःखसहनाचे वाचन केले. चूक एकही नाही. फादर जवळ येऊन म्हणाले, "दादा, असं वाचन मला रोममध्येही ऐकायला मिळालं नाही." ही स्तुती आजच का, याचा विचार करीत आहे.

३० एप्रिल, बुधवार

उत्तर आले. नऊ मे रोजी चौकशी. तोपर्यंत वर्ग बंद, आणि ग्रंथ छापण्याची परवानगी थांबविली आहे. आरोप सिद्ध झाल्यास ती मिळणारच नाही.

बायडाबाई विहिरीवर भेटली. "फादर दोन दिस जेवलं न्हाईत. म्हनत्यात, बायडे, ज्यानं लिवलं त्याचं नाव मी मुद्दाम इचारलं न्हाई. समोर आला तर त्यालाच अवघड व्हायचं."

मला अवघड होण्याचे कारण नाही. लिहिले ते त्यांनी उच्चारलेलेच आहे.

६ मे, मंगळवार

पाळतीवर गेलो. दुसऱ्या एसटीने, पुढे शेअर रिक्षाने. नागापुरात पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची रांग, तिसरे दार, दारात फादरांच्या चपला. भिंतीशी उभा राहिलो. प्लॅस्टर निकृष्ट होते.

आतून वाचन ऐकू येत होते. नावापूर्वी श्वास, वाक्य संपताच मनात तीन आकडे, मग पुढचे वाक्य. ही पद्धत माझी. जयमाला सात वर्षांची असताना मी तिला शिकविली.

ती फादरांचाच ग्रंथ वाचीत होती. ते मध्येच म्हणत, "थांब. हे वाक्य जड झालं. खोड." आणि ती खोडीत होती.

"फादर, डोळ्यांत थेंब घातले का?"

"घातले. आता समोर माणूस आहे की खांब, एवढंच कळतं."

"माझे बाबा माझ्यापेक्षा चांगलं वाचतात. गावातच आहेत. त्यांच्याकडं का नाही गेलात?"

फादर म्हणाले, "त्यांची जागा घेऊन मी शिकायला गेलो, पोरी. आता माझे डोळे गेले म्हणून त्यांनाच वाचायला लावू?"

तेवढ्यात मागून कोणी म्हणाले, "बाबा? उन्हात कशाला हुबे?" महेंद्र. कारखान्यातून येत होते, हातात डबा.

मी म्हणालो, "पत्ता चुकलो."

"एकोणीस वर्षं चुकलाय. आज घावला तर बसा घडीभर."

पाणी घेतले. चहा घेतला नाही. जयमालाचे केस पिकले आहेत. मी म्हणालो, "वाचीत होतीस ते पूर्ण कर." तिने पूर्ण केले.

७ मे, बुधवार

बायबल वर्गाच्या त्या गुरुवारी फादर आणखी एक वाक्य बोलले होते. ते माझ्या वहीत आहे. पत्रात नाही.

"नंतर घातली, पण ज्याने घातली त्याला ती विसरून जाणे जमले नाही, आणि म्हणून मी ती शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीइतकीच खरी मानतो."

पत्र मी अर्धे पाठविले. अनवधानाने नव्हे.

९ मे, शुक्रवार

चौकशीस दोन फादर आले. वही त्यांच्यासमोर ठेवली आणि सर्व सांगितले. त्यांनी तेथेच लिहून दिले की तक्रार निकालात निघाली, ग्रंथाची परवानगी खुली झाली. धाकटे फादर म्हणाले, "मिटलं, आजोबा. जा घरी निवांत."

फादर अंगद बाहेर पडताना म्हणाले, "दादा, खंडन करायचं तर पूर्ण वाक्याचं करा. तुमच्याशी वाद घालायला मजा आली असती."

त्यांच्यापुरते मिटले असेल.

११ मे, रविवार

मिस्सेनंतर, जुन्या रीतीप्रमाणे, सर्वांसमक्ष नाव वाचून दाखविण्यात आले: सहादू यशवंत मकासरे, याने अर्धी साक्ष दिली. मजकूर माझाच. वाचला माझ्या मुलीने, मी विनंती केली म्हणून. तिचा आवाज दोनदा कापला.

समक्ष हजर साक्षीदार: फादर अंगद शेलार. बायडाबाई. महेंद्र, माझे जावई — दाराशी उभे होते, मी पहिल्या बाकावर बसविले.